पंचगंगेचं पाणी स्वतः तपासायचंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की नदीकाठच्या माणसांनी नदी स्वतः मोजायला शिकलं पाहिजे, सगळं सरकारी लॅबवर सोडून चालणार नाही. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की खरंच बरं वाटलं. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायला जागा पुरणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ज्यांच्या प्रश्नाला जास्त पदर आहेत त्यांना जास्त जागा दिलीय.

ताई, मी ऑनलाइन टीडीएस मीटर मागवला. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीत बुडवला तर आकडा दोनशेच्या आत आला आणि आमच्या घरच्या बोअरचा सातशेच्या वर. मित्र म्हणतात मीटरच खराब हाय. का खरंच नदीचं पाणी बोअरपेक्षा चांगलं?
(वाचक, कसबा बावडा)

मीटर ठीक आहे, पण तुम्हाला जे जाणून घ्यायचंय ते त्याच्या आवाक्यातलं नाही. हा पेनासारखा मीटर पाण्यातनं वीज किती सहज जाते तेवढंच मोजतो आणि एका ठरलेल्या आकड्यानं गुणून टीडीएस म्हणून दाखवतो, म्हणजे विरघळलेले क्षार किती याचा अंदाज, बाकी काही नाही. आपल्या नद्या सह्याद्रीच्या काळ्या दगडातनं, धो धो पावसाच्या पाण्यावर येतात, त्यांच्यात मुळातच क्षार कमी. बोअरचं पाणी दगडाच्या फटीत मुरून मुरून आलेलं, त्यात कॅल्शियम मॅग्नेशियम उतरलेलं असतं, म्हणून आकडा चढतो. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा म्हणतं आणि दुसरा सोर्सच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं, त्यामुळं तुमचं बोअर निदान ह्या एका बाबतीत तरी घाबरण्यासारखं नाही. नायट्रेट मात्र एकदा लॅबमधून तपासून घ्या, बोअरभोवती ऊस असेल तर नक्कीच. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

आता नदी. त्या दोनशेच्या आतल्या पाण्यात मैलापाणी मिसळलं असलं तर त्यातले जंतू, त्यानं खाऊन टाकलेला ऑक्सिजन, शेतातनं वाहून आलेलं औषध, यातलं काहीच ह्या मीटरला दिसत नाही. कमी टीडीएस म्हणजे शुद्ध पाणी, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की लोक नदीचा आकडा बघून पोरांना पोहायला सोडतात, आणि मला ह्याची खरी काळजी वाटते.

पण मीटर टाकून देऊ नका, त्याचा एक फार चांगला उपयोग आहे, पुढच्याच उत्तरात सांगते.

आम्ही बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहोत, सात-आठ जणांचा ग्रुप आहे. पंचगंगेचं पाणी रेग्युलर तपासायचं ठरवलंय. सॅम्पल कुठून आणि कधी घ्यायचं, आणि बजेट कमी असताना नेमकं काय मोजायचं?
(विद्यार्थी, कोल्हापूर)

सगळ्यात आधी हे, की चाळीस गोष्टी एकदा मोजण्यापेक्षा चार गोष्टी वर्षभर, एकाच जागी, एकाच वेळेला मोजा. एकदाच घेतलेलं सॅम्पल त्या क्षणाचं असतं, नदी तोपर्यंत पुढं गेलेली असते.

जागा अशा निवडा की तुलना करता येईल. शहराच्या वर प्रयाग चिखली आहे, तिथं कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येऊन पंचगंगा होते (पाचवी सरस्वती गुप्त मानतात), तिथलं पाणी हा तुमचा पाया. मग पंचगंगा घाट, आणि मग शहर संपल्यावर राजाराम बंधाऱ्याच्या खाली. जमलं तर शिरोळच्या बाजूला तेरवाड बंधारा. नाल्यांसाठी नियम एकच, नाला मिळतो त्याच्या वर एक आणि खाली एक, पण खालचं सॅम्पल नाल्याच्या तोंडाशीच घेऊ नका. नाल्याचं पाणी लगेच मिसळत नाही, ते एका काठाला धरून बरंच लांब वाहतं, आणि समोरच्या काठाला घेतलेलं सॅम्पल एकदम छान येतं. इथं वरच्या प्रश्नातल्या त्या टीडीएस मीटरचं काम आहे. मैलापाण्यात क्षार जास्त असतात, म्हणून मीटर घेऊन ह्या काठावरनं त्या काठापर्यंत पूल किंवा बंधारा जिथं असेल तिथं मोजत जा, आकडा दोन्हीकडं सारखा आला की समजायचं पाणी मिसळलं, ती तुमची खरी जागा.

वेळ. हे फार लोक विसरतात. दिवसा पाण्यातलं शेवाळ आणि वनस्पती ऑक्सिजन सोडतात, रात्री सगळेच तो वापरतात, त्यामुळं पाण्यातला ऑक्सिजन दुपारनंतर सगळ्यात जास्त आणि सूर्य उगवायच्या आधी सगळ्यात कमी असतो. कॉलेज आटपून दुपारी तीनला गेलात तर घाण पाणीसुद्धा पास होऊन येईल. म्हणून शक्य असेल तर पहाटे उजाडता उजाडता जा, नाहीच जमलं तर निदान दर वेळी वेळ तीच ठेवा आणि वहीत लिहा.

आता काय मोजायचं. तापमान, पीएच (पाणी आम्ल का अल्कली ते), टीडीएस किंवा कंडक्टिव्हिटी (पाण्यातनं वीज किती सहज जाते ते), आणि विरघळलेला ऑक्सिजन म्हणजे डीओ. डीओला मीटर महाग आहे, पण तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये विंकलर पद्धतीचं सगळं सामान असणारच, १८८८ पासून ही पद्धत चालत आलीय आणि आजही तिच्यावर विश्वास ठेवतात. ३०० मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली घ्यायची, प्रवाहाकडं तोंड करून उभं राहायचं, बाटली पृष्ठभागापासून साधारण वीतभर खाली धरून हळूहळू भरू द्यायची, बुडबुडा एकसुद्धा राहता कामा नये. बादलीनं पाणी काढून बाटलीत ओतलं तर ओतताना हवा मिसळते आणि सगळं फुकट जातं. काठावरच्या फेसाचं नको, तळाचा गाळ ढवळून पण नको. मग काठावरच, तिथल्या तिथं, पिपेटचं टोक पाण्याखाली धरून २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि २ मिलिलिटर अल्कली आयोडाइड अझाइड सोडायचं, बूच लावून बाटली वरखाली करायची आणि बघायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, जितका जास्त तितका गडद, आणि ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो. हे बघताना पोरं एकदम गप्प होतात. आकडा तर संध्याकाळी लॅबमध्ये येईल, पण नदीची अवस्था तिथं काठावरच बाटलीत दिसते. आता ऑक्सिजन त्या साक्यात बांधला गेला, बाटली सावलीत ठेवून लॅबला न्या, तिथं २ मिलिलिटर कडक सल्फ्युरिक आम्ल घातलं की साका विरघळून पिवळा आयोडीन सुटतो, मग ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटनं टायट्रेशन, स्टार्च घातल्यावर निळा रंग येतो आणि तो गेला की थांबायचं. २०० मिलिलिटर सॅम्पल घेतलं असेल तर जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागलं तितके मिलिग्रॅम प्रति लिटर डीओ, हिशेब इतका सरळ आहे. हातमोजे, चष्मा आणि सर किंवा मॅडम सोबत, ह्यात सूट नाही, अझाइड विषारी असतं आणि आम्ल नदीवर न्यायचंच नाही. बाटल्यातलं उरलेलं नदीत ओतायचं नाही हे सांगायला नकोच.

आकडा कसा वाचायचा तेही बघा. २५ अंशाच्या आसपास स्वच्छ पाणी जास्तीत जास्त साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, आपण समुद्रसपाटीपासून उंचावर असल्यामुळं आपल्याकडं त्याहून थोडा कमीच. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्यात निदान ५ पाहिजे, माशांसाठी निदान ४. आणि आकडा ८ च्या वर जाऊन ११-१२ आला तर खुश होऊ नका, ते शेवाळाचं काम आहे, त्याच जागी दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन मोजा म्हणजे कळेल.

बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात ते, पण करायचं असेल तर सॅम्पल बर्फात आणि अंधारात न्या आणि लवकरात लवकर लावा. आपल्याकडं २७ अंशाला ३ दिवस ठेवायची पद्धत आहे, परदेशातल्या पुस्तकात २० अंशाला ५ दिवस दिसेल, दोन्ही मिसळू नका.

आमच्याकडं बंधाऱ्याजवळ जवळपास दरवर्षी मेलेले मासे तरंगतात. लोक म्हणतात कुणीतरी विष सोडलं. अधिकारी येतात, सॅम्पल नेतात, रिपोर्ट येतो तर सगळं मर्यादेत. मग मासे मेले कशानं?
(शेतकरी, शिरोळ तालुका)

दादा, तुमचा राग मला कळतो, कारण मेलेल्या माशांचा वास येत असताना हातात "मर्यादेत" लिहिलेला कागद मिळणं हे कुणालाही पटणार नाही. पण बऱ्याचदा रिपोर्ट खोटा नसतो, उशिरा घेतलेला असतो. मासे मरतात पहाटे, बातमी पसरते सकाळी, गाडी येते दुपारी, तोवर घाण पाण्याचा लोंढा खाली निघून गेलेला असतो आणि उन्हानं शेवाळाला जाग येऊन ऑक्सिजन परत चढलेला असतो.

विषच पाहिजे असं नाही. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे (पाणी अडवायला दारात घालायच्या फळ्या) घातलेले असताना पाणी साठून राहतं, वरनं येणारा मैला, गाळ, कुजलेलं केंदाळ (जलपर्णी) तळाशी बसत जातं, आणि तळाजवळ ऑक्सिजन संपतो. मग बरगे काढले किंवा जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला की तो सगळा तळ उपसून एकदम वाहतो, आणि त्या काळ्या पाण्याला ऑक्सिजनची इतकी भूक असते की वाटेतल्या पाण्यातला सगळा ओढून घेतो. हिवाळ्यात गाळप हंगामात मळीमिश्रित पाणी आलं तरी तेच. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशचा, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरलेल्या पाण्याचा, बीओडी लिटरला ४०-५० हजार मिलिग्रॅमपर्यंत असतो. हिशेब करा, नदीच्या एका लिटरात चांगल्या दिवशी ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे असं एक लिटर पाणी साधारण ७ हजार लिटर नदीचा सगळा ऑक्सिजन संपवू शकतं. टँकरभर सुटलं तर काय होईल ते तुम्हीच बघा.

दुसरी गोष्ट अमोनिया. मैलापाण्यात तो असतोच, पण तो माशाला किती लागतो ते पीएचवर ठरतं. पीएच ७ ला त्यातला एक टक्कासुद्धा विषारी मोकळ्या अमोनियाच्या रूपात नसतो, ८ ला गेला की पाच टक्क्यांच्या आसपास, आणि ९ ला एक तृतीयांशाच्या वर. म्हणजे एकूण अमोनिया तोच, पण शेवाळानं दुपारी पीएच चढवला की त्याच पाण्यात मासा मरतो. म्हणून नुसता अमोनियाचा आकडा लिहून पाठवला तर अर्धीच माहिती, सोबत पीएच आणि तापमान पाहिजेच. माशांच्या पाण्यासाठी मोकळा अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आत असावा असं केंद्रीय मंडळाची वर्गवारी सांगते.

आता काठावर उभं राहून काय ओळखायचं. मासे मरायच्या आधी पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून हवा घेत होते का, हे मासेमारी करणाऱ्या भोयांना विचारा, ते रात्री नदीवर असतात, त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. कुठला मासा मेला ते बघा. मरळ वर येऊन थेट हवा घेऊ शकते, म्हणून बाकीचे मेले आणि मरळ जिवंत राहिली तर बहुतेक ऑक्सिजनचं प्रकरण आहे, मोठे मासे आधी आणि बारके नंतर मेले असतील तरी तसंच. पण मरळीसकट सगळं मेलं, बेडूक, खेकडे, पाणकिडे पण, तर मग खरंच विषारी काहीतरी आलंय असा संशय घ्यायला जागा आहे आणि तसं तक्रारीत स्पष्ट लिहा.

आणि अधिकाऱ्यांची वाट बघत बसू नका. दिसल्या दिसल्या फोटो, लोकेशन आणि वेळ टाकून. तीन स्वच्छ बाटल्या, एक मेलेल्या माशांच्या जागेची, एक वरच्या बाजूची जिथं मासे जिवंत आहेत, एक खालची, बर्फात ठेवा. नुकताच मेलेला, कल्ले अजून लाल असलेला मासा पिशवीत घालून बर्फात, सडलेला लॅबला कामाचा नाही. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि मत्स्य विभागाला फोन, आणि फोन कितीला केला ते पण लिहून ठेवा. ते मासे कुणी खाऊ नयेत आणि बाजारात तर मुळीच नेऊ नयेत, हे गावात सांगायची जबाबदारी पण आपलीच.

एक कायद्याची गोष्ट सांगते, कारण ह्यावर पुष्कळांचा गैरसमज आहे. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणं कारवाईसाठी जे सॅम्पल लागतं ते मंडळाच्या माणसानं, ठरलेल्या पद्धतीनंच घ्यावं लागतं. तुमची बाटली कोर्टात तशीच्या तशी चालेलच असं नाही. पण तुमच्या वहीत तीन वर्षांच्या तारखा आणि वेळा असतील, आणि त्यात दिसलं की हे अमुक महिन्यात, बरगे काढल्यावर, पहाटे होतं, तर तुम्ही त्यांना त्याच पहाटे तिथं बोलावू शकता. वहीची ताकद तिथं आहे.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांना नदी दाखवायची आहे, पण केमिकल त्यांच्या हातात द्यायची नाहीत. पाणी चांगलं का वाईट हे त्यांना कसं कळेल?
(शिक्षिका, राधानगरी तालुका)

बाई, तुमच्यासाठी तर सगळ्यात चांगली पद्धत आहे आणि ती मला स्वतःला सगळ्यात आवडते. पाण्यातले किडे बघायचे. तुम्ही भोगावतीच्या वरच्या अंगाला आहात, म्हणजे मुलांना चांगली नदी कशी असते ते आधी बघता येईल, हे शहरातल्या शाळांच्या नशिबात नाही.

पांढरी ताटली किंवा प्लॅस्टिकची पांढरी टोपली घ्या, एक चहाची गाळणी, एक भिंग. घोट्याएवढ्या, खळाळत्या पाण्यातला एक दगड हळूच उचला आणि उलटा करून ताटलीत धरा. सुरुवातीला काही दिसत नाही, मग दगडाचाच एक तुकडा चालायला लागतो. चपटं अंग, मागं तीन बारीक शेपट्या, पोटाच्या दोन्ही बाजूला पिसासारखे कल्ले सारखे थरथरतायत, ती मेफ्लायची अळी. दुसरीकडं वाळूचे कण चिकटवून केलेली नळी दिसेल, तिच्या आत कॅडिसफ्लायची अळी राहते, आपलं घर अंगावर घेऊन फिरते. हे दोघं ऑक्सिजनला फार हळवे, पाणी बिघडलं की पहिले हे जातात. त्यांच्याबरोबर चतुर आणि टाचणी ह्या उडत्या किड्यांची पिल्लं असतील, ती जरा जास्त सोसतात. आणि जिथं मैलापाणी येतं तिथला गाळ गाळणीत घेतला तर लालभडक बारक्या अळ्या वळवळताना दिसतील. त्या लाल असतात कारण त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, कमी ऑक्सिजनमध्येही त्या तग धरतात. त्याहून वाईट पाण्यात एक अळी असते जिला लांब शेपटीसारखी श्वासनळी असते, ती पाण्याबाहेर काढून हवा घेते, म्हणजे पाण्यात ऑक्सिजन असो नसो, तिला फरक पडत नाही.

ह्याचं महत्त्व असं, की मेफ्लायची अळी कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने त्याच पाण्यात असते, पळून कुठं जाणार. रात्री गुपचूप सोडलेलं घाण पाणी सकाळच्या बाटलीत सापडणार नाही, पण त्या दगडाखाली कोण राहिलंय आणि कोण गेलंय ह्यावरनं महिन्याभराचं सगळं कळतं. केंद्रीय प्रदूषण मंडळानं सुद्धा नद्यांसाठी अशा तळाच्या जीवांवर आधारलेली गुण द्यायची पद्धत केलेली आहे, म्हणजे हा पोरखेळ नाही. मुलांना नुसती संख्या मोजायला लावू नका, किती प्रकारचे आहेत ते मोजायला लावा. एकाच जातीचे हजार किडे म्हणजे नदी आजारी, वीस जातींचे थोडे थोडे म्हणजे नदी बरी.

दोन गोष्टी पाळा. उचललेला दगड होता तसाच, त्याच बाजूनं परत ठेवायचा, त्याखाली कुणाचं तरी घर असतं. आणि पावसाळ्यात नाही, बंधाऱ्याजवळ तर कधीच नाही, तिथं पाणी दिसतं शांत पण ओढ फार असते. खाली कृष्णेच्या पट्ट्यात मगरी आहेत, तिथल्या शाळांनी तर हा प्रयोग ओढ्यावरच करावा.

इचलकरंजीत नळाला पाणी कधी कधी पिवळट येतं. उकळून प्यायलं तर चालतं ना?
(गृहिणी, इचलकरंजी)

जंतूंसाठी उकळणं उत्तम, चांगलं खळखळून उकळा. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची जी मोठी साथ आली, ती हेपटायटिस ई विषाणूची होती, तो मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळल्यामुळं पसरतो आणि उकळल्यानं मरतो. घरात गरोदर बाई असेल तर ह्यात अजिबात हयगय करू नका, त्यांना हा विषाणू जिवावर बेततो. पण रंग, क्षार, नायट्रेट, धातू उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्यामुळं थोडे वाढतातच. म्हणून पिवळं पाणी आलं की पहिलं ते बाटलीत भरून तारीख घालून ठेवा आणि पाणीपुरवठा विभागाला कळवा. नळाच्या टोकाला क्लोरीन ०.२ मिलिग्रॅम तरी शिल्लक असायला पाहिजे, ते बघायचा छोटा किट असतो, थेंब टाकले की पाणी पिवळं होतं आणि बाजूच्या रंगाच्या पट्टीशी जुळवायचं. गल्लीत चार घरांनी मिळून एक घेतला तरी पुरे. रंगच आला नाही तर क्लोरीन वाटेतच संपलंय, म्हणजे कुठंतरी पाइपात घाण शिरत असू शकते, आणि हे पाणी स्वच्छ दिसत असतानाही होतं.

केंदाळ पाणी शुद्ध करतं असं वाचलं. मग ते काढायला एवढा खर्च कशाला?
(वाचक, रुकडी)

अर्धं खरं आहे. केंदाळ म्हणजे जलपर्णी पाण्यातलं नायट्रोजन फॉस्फरस ओढून घेते, पण ती काढून बाहेर नेली तरच ते पाण्यातनं गेलं. तिथंच ठेवली तर कुजते आणि घेतलेलं सगळं परत पाण्यात, वर ऑक्सिजन खाऊन. शिवाय तिचा थर जमला की खाली ऊन जात नाही, हवा मिसळत नाही, बंधाऱ्याच्या बरग्यात अडकते, डास वाढतात. मूळ दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती, आपल्याकडं तिला आवरणारा मूळचा कुणी नाही, आणि खाणं मिळालं तर एक-दोन आठवड्यात दुप्पट होते. तुमच्या बंधाऱ्यावर ती दिसली म्हणजे वर कुठंतरी मैला आणि खत येतंय हे पक्कं, त्यासाठी लॅबची गरज नाही. काढायचा खर्च करायलाच पाहिजे, फक्त काढून काठावर ढीग घालू नका, पहिल्या पावसात सगळं परत आत जातं. लांब नेऊन कंपोस्ट करा.

नरसोबावाडीला संगमावर आंघोळ करतो, घरात पूर्वीपासून प्रथा आहे. करावी का नको, स्पष्ट सांगा.
(वाचक, जयसिंगपूर)

प्रथेबद्दल मी बोलणार नाही, तो तुमचा भाव आहे आणि मला त्याचा आदर आहे. पाण्याबद्दल सांगते. आंघोळीसाठी मल-कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतनं येणारे, जंतू १०० मिलिलिटरला ५०० च्या आत असावेत, फार तर २५००, बीओडी ३ च्या आत, डीओ ५ च्या वर, पीएच ६.५ ते ८.५. प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणांचे आकडे दर महिन्याला काढतं, ते मागून घ्या आणि वार्षिक सरासरी बघू नका, महिन्याचा आकडा बघा, कारण पावसाळ्यातलं भरपूर पाणी सरासरी सुंदर करून टाकतं आणि मार्च-एप्रिल-मे त्यात लपून जातात. उन्हाळ्यात पाणी थांबलेलं असताना आणि पहिल्या पावसानंतरचे काही दिवस डोकं बुडवू नका, तोंडात घेऊ नका, अंगावर जखम असेल तर पाण्यात उतरू नका, लहान मुलांना आणि आजारी माणसांना फक्त काठावरनं हातपाय धुऊ द्या. तीर्थ म्हणून पाणी घरी नेत असाल तर प्यायच्या आधी उकळा, तीर्थाला त्यानं काही कमीपणा येत नाही.

आमच्या गावात तरुण मंडळाला हे काम सुरू करायचंय. कुठल्या महिन्यात सुरू करावं?
(वाचक, प्रयाग चिखली)

ऑक्टोबरमध्ये. पावसाळ्यात नको, राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी हे तुम्हाला मी काय सांगायचं, २०१९ आणि २०२१ तुम्ही बघितलंय. शिवाय पुरात सगळं पातळ होतं, आकडे चांगले येतात आणि त्यावरनं काही कळत नाही. ऑक्टोबरला पाणी निवळलेलं असतं आणि बंधाऱ्यात बरगे घालायच्या, कारखाने सुरू व्हायच्या आधीचे आकडे मिळतात, पुढचे सगळे महिने त्याच्याशी ताडून बघायचे. महिन्यातनं दोनदा जा, आणि जूनच्या पहिल्या पावसात मात्र रोज, पण बंधाऱ्यावर न चढता, पुलावरनं किंवा उंच काठावरनं.

वहीत तारीख, वेळ, जागा, हवामान, बरगे घातलेले का काढलेले, पाण्याचा रंग आणि वास, तापमान, पीएच, टीडीएस, डीओ, आणि दगडाखाली कोण दिसलं ते. बाटलीवर लेबल पेन्सिलनं लिहा, पेनाची शाई बर्फात पुसते. तुम्ही सगळ्यात वर आहात, म्हणून तुमचे आकडे खालच्या सगळ्या गावांना लागतील. रुकडी, इचलकरंजी, शिरोळकडनं ज्यांनी लिहिलंय त्यांचे नंबर, त्यांची हरकत नसेल तर, संपादकांकडून तुम्हाला कळवते, एकाच दिवशी एकाच वेळेला सगळीकडं सॅम्पल घ्यायचं आपसात ठरवा. पीएच मीटर आधी बफरच्या (पीएच ठरलेला असलेल्या) दोन द्रावणांत, ७ आणि ४ किंवा ९ मध्ये, सगळ्यांनी जुळवून घ्या, नाहीतर गावागावांचे आकडे एकमेकांशी लागणार नाहीत. कॉलेजच्या ज्या पोरांचा प्रश्न वर आहे त्यांनाही तुमच्याकडं यायला सांगितलंय, विंकलरच्या बाटल्या ते आणतील.